‘बाबासंगे’मधली माझी दोन अक्षरं

‘बाबासंगे’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गुळाच्या खोक्यांवर तो आहे, वडिलांच्या पुण्यतिथीच्या फ्लेक्सवर आहे, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका रसवंतीच्या पाटीवर मी स्वतः वाचला आहे. कुठे कुठे खाली बारीक अक्षरात कवयित्रीचं नावही असतं : जुबेदा मुल्लाणी. नाव बरोबर आहे, शब्द चुकीचा आहे. त्यातला ‘बाबा’ जुबेदाबाईंचा. ‘संगे’ माझं. ते मी त्यांना न विचारता घातलं, आणि त्यांनी येऊन सांगितल्यावरही काढलं नाही. हे मी वर्षानुवर्षं चारचौघांत कधी बोललो नव्हतो. आता सगळं सविस्तर छापूनच सांगतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मी कोल्हापुरात कॉलेजात मराठी शिकवलं. माझा हातखंडा म्हणजे रसग्रहण. ज्यांनी शाळेनंतर कवितेचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रसग्रहण म्हणजे कविता कशाने कविता झाली ते शोधणं. कवी काय म्हणतो हे तर कुणीही सांगेल. तो ते कसं म्हणतो, ओळ कुठे तोडतो, यमक कुठे जुळवतो, एखादी प्रतिमा का वापरतो, हे पाहायचं. घड्याळजी घड्याळाची मागची झाकणी उघडतो, तसं. फरक इतकाच, की घड्याळजीला ते पुन्हा चालू करून द्यावं लागतं. आमच्यातले बरेच जण उघडून ठेवतात आणि पुढच्या तासाला जातात.

या धंद्यात गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा पन्हाळ्याहून एक हॉटेलवाले मुलाची उत्तरपत्रिका घेऊन भांडायला आले.

“सर, पोरगं म्हणतंय कवितेत चांदणं रडतंय. मार्क गेलं ते चांदणं रडतंय म्हणून, का रडत न्हाय म्हणून?”

म्हटलं, “रडतंय. पण ते का रडतंय, हे तुमच्या मुलानं लिहिलं नाही.”

“आवो, चांदण्याला कुठं दुखतंय ते माझ्या पोराला कसं कळावं? तुमास्नी तरी त्यानं येऊन सांगितलंय काय?”

मी त्यांना चेतनगुणोक्ती समजावली. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवायचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग माझ्या हाटेलातला फ्रिज रोज बोंबलतोय, त्याची कविता करा की.” मी हसलो, पण पुढे कित्येक वर्षं तो अलंकार शिकवताना फ्रिजच सांगत आलो. पोरांच्या चटकन डोक्यात शिरायचा.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे संभाजी. तालमीतला पोरगा, मान खांद्यात गेलेली, बाकावर बसला की बाक करकरायचा. छंद म्हटलं की त्याच्या तोंडावरची माशी हलायची नाही. त्याला मी अभंगाची मोजणी बैठकांवर शिकवली. अभंगाचा एक प्रकार असा असतो, की एका कडव्यात चार तुकडे. पहिल्या तिन्हींत सहा सहा अक्षरं, चौथ्यात चार. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळवायचं. मी म्हणालो, “सहा बैठका मार, दम घे. सहा मार, दम घे. सहा मार. मग चार, आणि उभा राहा.” त्याने वर्गातच बाकांच्या मधल्या जागेत मारून दाखवल्या. मुली तोंडावर ओढण्या धरून हसत होत्या. पण उभा राहिला तेव्हा म्हणाला, “आयला, कळलं की ओ सर! शेवटच्या चारात सगळा दम मोकळा होतोय.” अभंगाबद्दल याहून खरं वाक्य मी पुस्तकांत फारसं वाचलेलं नाही.

मोजणीचा मला फार अभिमान होता, आणि चूक झाली ती त्या अभिमानामुळेच. मोजून जगणाऱ्या माणसाकडूनच ती होऊ शकते.

आमच्या संस्थेच्या कॉलेजांसाठी एक काव्यसंग्रह निघायचा होता. प्रुफं तपासायचं काम माझ्याकडे. तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. खिळे निखळायचे, अक्षरं गळायची, हे रोजचंच. त्या प्रुफांत मलकापूरच्या एका प्राथमिक शिक्षिकेची कविता होती. नवं नाव, जुबेदा मुल्लाणी. कविता गुऱ्हाळाची.

गुऱ्हाळ आमच्याकडे सगळ्यांना माहीत, बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. मोठ्या काहिलीत उसाचा रस कढत असतो, खाली चुलवाण पेटलेलं असतं. सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे गुळव्या. तो काठीवर पाक घेतो, पाण्यात त्याची गोळी वळतो, आणि ठरवतो. तो म्हणेल तेव्हाच काहील उतरवायची. जरा लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. तोवर सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. जुबेदाबाईंचे वडील असे गुळव्या होते. कवितेचं पहिलं कडवं असं :

पेटे चुलवाण । रस कढू लागे
सारे उभे मागे । काहिलीच्या

पुढची कडवी वडिलांच्या हातांची, काठीची, पाण्यातल्या गोळीची. सगळी मोजणीला चोख. आणि शेवटचं कडवं :

यंदा चुलवाण । पेटले तसेच
उभे आम्ही तेच । बाबा

चार अक्षरं हवीत, तिथे दोनच. मी लगेच म्हणालो, गळाली. कंपोझिटरने मूळ कागद कुठेतरी टाकला होता, तो शोधायचा कंटाळा केला. आणि खरं सांगायचं तर मनात हेही आलं, की ही मलकापूरची बाई, त्यातून मुल्लाणी, अभंगाची शेवटपर्यंत मोजणी हिला कुठून जमणार? हे वाक्य लिहायची आजही लाज वाटते. पण तेच मनात आलं होतं. मी लाल शाईने ‘बाबा’च्या पुढे ‘संगे’ लिहिलं. उभे आम्ही तेच, बाबासंगे. चार अक्षरं झाली, अर्थ लागला, अभंग बसला. मी स्वतःवर खूष होऊन चहा मागवला.

पुस्तक निघालं आणि काही दिवसांनी जुबेदाबाई स्टाफरूममध्ये आल्या. लहानखुरी बाई, डोक्यावर पदर, हातात पुस्तक. पण आवाज असा की कोपऱ्यातले इतिहासाचे सर पेपर खाली करून बघायला लागले.

“हे ‘संगे’ कुणी घातलं?”

“मी. दोन अक्षरं छापताना गळाली होती, बाई.”

“गळाली न्हवती. मी तेवढीच लिवलीती.”

“अहो, अभंग आहे हा. शेवटच्या चरणाला चार अक्षरं लागतात.”

“ते मला ठाऊक हाय सर. माझा बाबा असता तर चार झाली असती.”

मला तेव्हाच कळलं होतं. बाबा गेलेला आहे. यंदा चुलवाण पेटलंय, माणसं त्याच जागी उभी आहेत, आणि ज्याने सांगायचं तोच नाही. पोरगी त्याला हाक मारते, आणि ओळ तिथेच संपते. दोन अक्षरांची जी मोकळी जागा राहते, ती त्याची. आणि मी त्या जागेत ‘संगे’ कोंबून मेलेल्या माणसाला परत काहिलीपाशी उभं केलं होतं. कळलं, पण मी काय बोललो? म्हणालो, “पुढच्या आवृत्तीत बघू.”

त्या म्हणाल्या, “बघा,” आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या.

पुढची आवृत्ती आली तेव्हा परीक्षेसाठीचं माझं मार्गदर्शक पुस्तकही बाजारात आलं होतं. त्यात मी ‘बाबासंगे’वर एक पान लिहिलं होतं. “शेवटच्या शब्दात पितृसहवासाची कृतार्थता एकवटली आहे,” असं माझ्याच दोन अक्षरांचं मीच केलेलं कौतुक. ते काढायचं म्हणजे पान काढायचं, पान काढायचं म्हणजे कारण सांगायचं. मी नाही काढलं. मग परीक्षेत प्रश्न यायला लागला : ‘बाबासंगे’ या शब्दातून व्यक्त होणारे पितृप्रेम स्पष्ट करा. पोरं माझं पान पाठ करून यायची आणि मी त्यांना चांगले गुण द्यायचो. मग गुऱ्हाळवाले आप्पासाहेब यांनी तो शब्द खोक्यावर घेतला, वर फेटेवाला म्हातारा आणि शेजारी पोरगा असं चित्र काढून. गूळ चांगला असल्यामुळे शब्द मुंबई-पुण्यापर्यंत पोचला.

जुबेदाबाई पुन्हा आल्या नाहीत. कवितांचं दुसरं पुस्तकही त्यांनी काढलं नाही. का काढलं नाही हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती होती.

निवृत्त होऊन बराच काळ गेला. गेल्या वर्षी आमचा तालमीतला संभाजी, आता डॉक्टर संभाजीराव, कसबा बावड्याच्या कॉलेजचा प्राचार्य, घरी आला. त्याच संग्रहाची नवी आवृत्ती तो काढत होता.

“सर, प्रस्तावना तुमीच लिवायची. आणि ‘बाबासंगे’ तशीच ठेवलीया, काळजी करू नका.”

मी म्हणालो, “तशी ठेवलीस तर मी प्रस्तावना लिहिणार नाही.” आणि सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, “सर, तुमचं वय झालंय. आठवणीत कायबी होतंय.”

“अरे, मी घातलंय ते ‘संगे’. लाल शाईनं.”

“आवो, त्या ‘संगे’वर मी पीएचडीचं प्रकरण लिवलंय!”

“माहीत आहे. मीच मार्गदर्शक होतो.”

त्याने कपाळावर हात मारला. पण ऐकेना. म्हणाला, मूळ कागद नाही, शब्द सगळ्यांच्या तोंडी, आप्पासाहेब प्रकाशनाला प्रमुख पाहुणे, उद्या उठून मी दोन अक्षरं उडवली तर लोक म्हणतील प्राचार्याला कविता कळत नाही. शेवटी मी म्हणालो, “माझं ऐकू नकोस. चल, बाईंना विचारू.” मनात मात्र घाई होती. त्यांना बरं नसतं, असं मलकापूरच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं होतं. आपली कविता आपण लिहिली तशी छापलेली त्यांनी बघायला हवी होती.

मलकापूरला बाईंनी दार उघडलं तेव्हा मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“या सर. पुढची आवृत्ती आली वाटतं?”

मी हात जोडले. म्हणालो, “चुकलो, बाई. तेव्हाच कळलं होतं, तरी चुकलो.”

त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या. संभाजीने विषय काढला. त्या म्हणाल्या, “आता कशाला ओ? पोरं पास झाली की त्या ‘संगे’वर. ऱ्हाऊ दे.”

संभाजीला तेच हवं होतं. तो सुटकेने म्हणाला, “तेच म्हणतोय मी बाई. लोकांना आवडलंय.”

मी म्हणालो, “बाई, एकदा म्हणून दाखवा. याला तुमच्या तोंडून ऐकू दे.”

नको नको म्हणत त्यांनी सुरुवात केली. गाणं नाही, साधं बोलल्यासारखं. संभाजीचा पंजा मांडीवर हळूच ताल धरत होता. जुनी सवय. सहा, दम. सहा, दम. सहा, दम. “बाबा.” त्याचा पंजा वर गेलेला तसाच राहिला. पुढच्या दोन अक्षरांसाठी तो उचललेला होता आणि ती आलीच नाहीत. त्याने हाताकडे बघितलं. मग बाईंकडे.

“दमच सुटला न्हाय,” तो म्हणाला.

“मग?” बाई म्हणाल्या. “माझा तरी कुठं सुटलाय?”

परतताना गाडीत बांबवडे गेल्यावर तो एकदाच बोलला, “सर, मी एवढं प्रकरण लिवलं, पर कविता वाचलीच न्हवती म्हणा की.” म्हटलं, “तुला वाचू कुणी दिली नाही.”

नव्या आवृत्तीत ओळ ‘बाबा’वर थांबली. प्रस्तावनेत मी ‘संगे’ कुणाचं ते एका ओळीत लिहिलं. बाईंची एकच अट होती, कवितेखाली टीप घालायची नाही. “कळंल त्याला कळंल,” म्हणाल्या. संभाजीला धाकधूक होती, लोकांना ती छापायची चूकच वाटणार. मला तर खात्रीच होती, कारण मलाही तशीच वाटली होती.

प्रकाशन बावड्याच्या कॉलेजात झालं. सभागृह भरलेलं, पोरं खिडक्यांत बसलेली. पुस्तकं अजून गठ्ठ्यातच होती, त्यामुळे प्रस्तावना कुणी वाचलेली नव्हती. आप्पासाहेब माझ्या शेजारी, गुलाबी फेट्यात. बाईंना हाताला धरून माइकपाशी नेलं. त्यांनी चष्मा लावला, पण कागदाकडे बघितलंच नाही.

कविता सगळ्यांना पाठ. पोरं ओठ हलवत होती, यमक आलं की माना डोलत होत्या. शेवटचं कडवं आलं.

“उभे आम्ही तेच,” बाई म्हणाल्या. “बाबा.”

आणि थांबल्या.

आधी काहीच झालं नाही. मग आप्पासाहेब माझ्याकडे वाकले. “इसरल्या जणू. सांगा की सर, ‘संगे’ म्हणावं.” मी जागचा हललो नाही. तेवढ्यात मागून एक पोरगा मदतीला ओरडला, “संगे!” मग दुसरा. मग खिडकीतून, मग मधल्या रांगांतून, “संगे! संगे!” सगळ्यांना बाईंची काळजी. माझी दोन अक्षरं शेकडो तोंडांनी माझ्यावर परत येत होती, आणि मला वाटलं, संपलं. छापलेलं काढता येतं, हे कसं काढणार?

बाईंनी हात वर केला. रागाने नाही, वर्गात मास्तरीण करते तसा. मान हलवली : नाही. सभागृह गप्प झालं. त्यांनी ते कडवं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, तितक्याच सावकाश. “यंदा चुलवाण. पेटले तसेच. उभे आम्ही तेच. बाबा.”

आणि पुन्हा तिथेच थांबल्या.

या वेळी कुणी ओरडलं नाही. सगळे पुढे झुकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खिडकीतली पोरं, पहिल्या रांगेतल्या बायका, हातात पुष्पगुच्छ धरून उभा असलेला संभाजी. पुढचा शब्द येईल म्हणून सगळं सभागृह ताटकळलं होतं. आयुष्यभर मी हजारो पोरांना कवितेची रचना समजावली, पण रचना अशी काम करताना डोळ्यांनी कधी बघितली नव्हती. त्या दोन अक्षरांच्या जागेत मलकापूरचा एक गुळव्या नव्हता, आणि तो नाही हे इतक्या माणसांना एकदम जाणवत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, हीच, हीच ती कविता!

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि जागेवर जाऊन बसल्या. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मात्र थांबेनात. संभाजी पुष्पगुच्छ द्यायचं विसरून स्वतःच टाळ्या वाजवत होता, गुच्छाच्या पाकळ्या व्यासपीठभर सांडत होत्या. आणि जुबेदाबाई, ज्यांना मी तोवर कधी हसताना बघितलं नव्हतं, पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

आप्पासाहेबांनी मात्र टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते माझ्या कानाशी आले, आणि एरवी बाजारपेठेत ऐकू जाणारा त्यांचा आवाज इतका खाली आला, की मला नीट ऐकायला वाकावं लागलं.

“सर, मग त्यो आमच्या खोक्यावरला म्हातारा... हायच न्हाय व्हय त्या कवितेत?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मी त्यांना काहीसुद्धा समजावून सांगितलं नव्हतं.